दूरच्या सर्व्हरवरील दप्तर व त्याचे संपादन

शाळेचे संकेतस्थळ तयार करणे ही आता फारशी अवघड गोष्ट राहिलेली नाही. ते ताजे ठेवणे मात्र अवघड आहे. लोणार तालुक्यातील एखाद्या शाळेने दहा वर्षांपूर्वी सरोवराची माहिती देणारे एक पान तयार केले असेल. बसाल्ट खडकात उल्कापाताने पडलेले विवर, त्याचा सुमारे 1.8 किलोमीटर व्यास, खारे पाणी, काठावरची जुनी देवळे, इतका मजकूर त्यावर असेल. पुढे 2020 च्या जून महिन्यात सरोवराचे पाणी गुलाबी झाले आणि त्याच वर्षी रामसर कराराखालील पाणथळ जागांच्या यादीत सरोवराचा समावेश झाला. पानावर मात्र यांपैकी एका गोष्टीचीही नोंद नाही. चौकशी केली तर असे कळते की, ज्या शिक्षकांनी ते पान केले त्यांची बदली मोताळा तालुक्यात झाली, आणि पानाची फाइल कोठे आहे हे मागे राहिलेल्यांपैकी कोणास ठाऊक नाही. पान साऱ्या जगाला दिसते. ते दुरुस्त करण्यास मात्र कोणाचाच हात पोचत नाही.

ही अडचण दूर करण्याचे जे मार्ग आहेत त्यांपैकी एक म्हणजे दूरच्या सर्व्हरवरील फोल्डर आपल्या संगणकाला अशा रीतीने जोडून घेणे, की ते संगणकातीलच एखाद्या ड्राइव्हसारखे दिसावे व त्यातील फाइल तेथल्या तेथे उघडून दुरुस्त करता यावी. हा मार्ग सोयीचा आहे, परंतु निर्धोक नाही. तो कसा चालतो हे न समजता वापरल्यास एका बोटाच्या दाबाने वर्षभराचे काम नाहीसे होऊ शकते. म्हणून कृती सांगण्याआधी तिच्यामागची घडण पाहणे इष्ट होय.

संगणकात सी, डी अशी अक्षरे का दिसतात, हा प्रश्न वर्गातील चौकस मुले हमखास विचारतात. पूर्वीच्या संगणकांत लवचिक तबकड्या, म्हणजे फ्लॉपी, घालण्यासाठी एक किंवा दोन खाचा असत; त्यांना ए व बी ही अक्षरे दिली जात. आतील मोठ्या तबकडीच्या वाट्यास म्हणून सी आले. फ्लॉपी गेल्या, परंतु सी आपल्या जागी राहिले. उरलेली अक्षरे संगणकास कोणत्याही साठवणीला देता येतात, आणि ती साठवण त्याच पेटीत असली पाहिजे असा काही नियम नाही. झेड हे अक्षर मुंबईतील किंवा परदेशातील एखाद्या सर्व्हरवरच्या फोल्डरला दिले तरी संगणकाची हरकत नसते. सर्व्हर म्हणजे अहोरात्र चालू असणारा आणि मागेल त्याला मागितलेले पान पाठविणारा संगणक, एवढे येथे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. दूरच्या फोल्डरला असे अक्षर देणे यालाच इंग्रजी पडद्यावर ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ असे नाव दिलेले असते.

दूरच्या संगणकावर फाइल ठेवण्याची खटपट जुनी आहे, आणि तिच्या आरंभी एका भारतीयाचे नाव आहे ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी. कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतून 1965 मध्ये पहिल्या तुकडीबरोबर बाहेर पडलेले अभय भूषण हे पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रविज्ञान संस्थेत शिकत असताना त्यांनी एप्रिल 1971 मध्ये एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर फाइल पाठविण्याचे नियम लिहून काढले. एफटीपी या नावाने ती पद्धत पुढे जगभर रूढ झाली. तिच्यात काम तीन टप्प्यांत करावे लागे. सर्व्हरवरील फाइल आधी आपल्याकडे उतरवून घ्यावयाची, मग दुरुस्त करावयाची, मग पुन्हा वर चढवावयाची. तालुक्याच्या कचेरीतून रजिस्टर घरी आणावे, नोंद करावी आणि परत नेऊन द्यावे, त्यातलाच हा प्रकार. रजिस्टर परत नेण्यास विसरणे, चुकीच्या कपाटात ठेवणे, जुनीच प्रत परत करणे, हे सारे अपघात त्यात होत. शिवाय मूळ एफटीपीत परवलीचा शब्द तारेवरून उघडा जात असे. क्रोम व फायरफॉक्स या दोन्ही न्याहाळकांनी 2021 मध्ये एफटीपीचा आधार काढून टाकला.

वेब निर्माण झाले तेव्हा मात्र वाचणे व लिहिणे यांत भेद करण्याचा विचार नव्हता. टिम बर्नर्स-ली यांनी जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेत 1990 च्या अखेरीस जो पहिला न्याहाळक तयार केला, त्यात पान वाचता येई तसेच दुरुस्तही करता येई. पुढे 1993 पासून मोझेक व त्याच्यासारखे न्याहाळक लोकप्रिय झाले, ते केवळ वाचण्यापुरते होते. भारतात विदेश संचार निगमाने 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले केले तेव्हा लोकांच्या हाती आले ते हेच वाचावयाचे वेब. लिहिण्याचा गमावलेला हक्क परत मिळविण्यासाठी 1999 च्या फेब्रुवारीत जी नियमावली प्रसिद्ध झाली तिचे नाव वेबडॅव्ह. तिची सुधारलेली आवृत्ती 2007 च्या जूनमध्ये निघाली. नावातील शेवटचे अक्षर ‘व्हर्जनिंग’ म्हणजे जुन्या आवृत्त्या जपून ठेवणे या शब्दाचे आहे. पण तो भाग पहिल्या नियमावलीत घेतलाच नाही, तो 2002 मध्ये निराळ्या नियमावलीत आला आणि फार थोड्या सर्व्हरांनी स्वीकारला. नावात आहे ते कामात नाही, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता हे चालते कसे ते पाहू. साधा न्याहाळक सर्व्हरशी मुख्यतः एकच शब्द बोलतो: ‘गेट’, म्हणजे ‘हे पान दे’. वेबडॅव्हने त्या बोलीत काही नव्या शब्दांची भर घातली. ‘प्रॉपफाइंड’ म्हणजे या फोल्डरात काय काय आहे, प्रत्येकाचा आकार केवढा व तारीख कोणती ते सांग. ‘मेककॉल’ म्हणजे नवे फोल्डर कर. ‘कॉपी’ व ‘मूव्ह’ यांचे अर्थ उघड आहेत. ‘लॉक’ व ‘अनलॉक’ यांविषयी पुढे येईलच. फाइल वर ठेवण्यासाठी ‘पुट’ हा शब्द तर वेबच्या बोलीत आधीपासूनच होता.

शिक्षकाने झेड ड्राइव्हवर दोनदा टिचकी मारली की संगणक पडद्याआड ‘प्रॉपफाइंड’ पाठवितो. सर्व्हर 207 या क्रमांकाचे उत्तर देतो आणि त्यासोबत फाइलींची यादी धाडतो. ती यादी नेहमीच्या खिडकीत मांडली जाते, म्हणून ते फोल्डर घरचेच वाटते. मग एखाद्या फाइलवर टिचकी मारली की ‘गेट’ जाते व ती फाइल संपूर्णपणे खाली उतरून आपल्या संगणकातील एका तात्पुरत्या जागी येते. संपादन चालते ते त्या प्रतीवर. ‘सेव्ह’ केले की ‘पुट’ जाते व संपूर्ण फाइल परत वर चढते. म्हणजे एफटीपीतील तीन टप्पे नाहीसे झालेले नाहीत. ते फक्त संगणकाने आपल्या अंगावर घेतले आहेत. एका शब्दाची वेलांटी बदलली तरी सारी फाइल जाते आणि येते. पानाची फाइल लहान असते म्हणून ते जाणवत नाही. स्नेहसंमेलनाचे चलचित्र उघडून पाहिले म्हणजे जाणवते.

यावरून हेही कळून येईल की, तार तुटली तर हा ड्राइव्ह कशाचाच नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतील शाळांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. भारतनेटची तार ग्रामपंचायतीपर्यंत आली असली तरी शाळेची खोली त्या तारेपासून दूर असू शकते, आणि भ्रमणध्वनीवरून घेतलेली जोडणी मध्येच जाते. ‘सेव्ह’ करीत असताना वीज गेली तर वर अर्धवट फाइल राहण्याचा संभव असतो. म्हणून कितीही घाई असली तरी मोठे काम सी ड्राइव्हवरील प्रतीवर करावे आणि जोडणी ठीक असताना ती प्रत वर ठेवावी.

दोघांनी एकाच वेळी एकच फाइल उघडली तर काय होते, हा यातील सर्वांत नाजूक प्रश्न आहे. समजा, केंद्रातील क्रीडास्पर्धांचे वेळापत्रक एका फाइलीत आहे. चिखलीच्या बाजूच्या एका शिक्षकाने ती सकाळी 11 वाजता उघडली व कबड्डीच्या सामन्यांच्या वेळा दुरुस्त केल्या. तेवढ्यात दुसऱ्या शाळेतील शिक्षिकेनेही तीच फाइल उघडून खो-खोच्या वेळा भरल्या. पहिल्याने 11.20 ला ‘सेव्ह’ केले, दुसरीने 11.25 ला. सर्व्हरवर आता केवळ दुसऱ्या प्रतीतील मजकूर आहे. कबड्डीच्या वेळा पुन्हा जुन्या झाल्या, आणि दोघांपैकी कोणालाही त्याची सूचना मिळाली नाही. चूक कोणाचीच नाही, तरीही शनिवारी सकाळी एका गावचा संघ मैदानावर दोन तास उशिरा पोचणार.

यावर उपाय म्हणून नियमावलीत ‘लॉक’ आहे. फाइल दुरुस्तीस घेणारा तिला कुलूप लावतो. कुलपाची एक खूणचिठ्ठी सर्व्हर त्यास देतो. ती चिठ्ठी ज्याच्यापाशी आहे त्याचेच ‘पुट’ स्वीकारले जाते. इतरांस 423 क्रमांकाचे उत्तर मिळते, म्हणजे ‘कुलूप आहे’. कुलपास मुदत असते, त्यामुळे वीज गेल्याने कोणी चिठ्ठीसह अडकून पडला तरी काही वेळाने ते आपोआप निघते. योजना उत्तम आहे. परंतु कुलूप लावावयाचे की नाही हे वापरात असलेल्या संपादक-प्रणालीवर अवलंबून असते. वर्डसारखी प्रणाली फाइल धरून ठेवते व म्हणून कुलूप लागते. नोटपॅड फाइल वाचते आणि लगेच सोडून देते, त्यामुळे ती पडद्यावर उघडी दिसत असतानाही कुलूप लागलेले नसते. संकेतस्थळाची पाने बहुधा नोटपॅडसारख्या साध्या प्रणालीतच दुरुस्त होतात, ही यातील मेख आहे. म्हणून केंद्रशाळेत एक साधी नोंदवही ठेवून कोणती फाइल कोणाकडे आहे हे लिहिण्याची पद्धत घालावी. त्याहून बरे म्हणजे कामाची वाटणीच अशी करावी की एका फाइलीस एकच धनी असेल. मराठी विकिपीडियावर, जो 1 मे 2003 रोजी सुरू झाला, अशीच टक्कर झाली तर प्रणाली दुसऱ्या संपादकास थांबविते व दोन्ही मजकूर समोर ठेवते, आणि प्रत्येक जुनी आवृत्ती इतिहासात जपून ठेवते. जोडलेल्या ड्राइव्हवर यांतले काही मिळेल असे गृहीत धरू नये.

जोडणीची कृती थोडक्यात अशी. सर्व्हरची व्यवस्था पाहणाऱ्याकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात: फोल्डरचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि परवलीचा शब्द. विंडोजमध्ये ‘धिस पीसी’ उघडून ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडावे (विंडोज 11 मध्ये ते वरच्या पट्टीतील तीन टिंबांखाली असते), अक्षर ठरवावे, पत्ता लिहावा, निराळ्या नावाने जोडण्याच्या चौकटीत खूण करावी आणि नाव व परवलीचा शब्द द्यावा. जोडणी होतच नसेल तर पत्त्याचा आरंभ पाहावा. तो एचटीटीपीएस असा असला पाहिजे. शेवटचा ‘एस’ नसलेल्या पत्त्यावर परवलीचा शब्द केवळ लिपी बदलून, म्हणजे जवळजवळ उघडा जातो, म्हणून विंडोज ती वाट मुळातच बंद ठेवते. नोंदपटात फेरफार करून ती उघडण्याची युक्ती काही ठिकाणी सांगितली जाते. ती वापरू नये. दुसरे कारण असे असू शकते की, या कामासाठी विंडोजमध्ये ‘वेबक्लायंट’ नावाची जी सेवा आहे ती मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये मावळत्या सेवांच्या यादीत टाकली असून ती आता आपण होऊन सुरू होत नाही; सेवांच्या यादीत जाऊन ती सुरू करावी लागते. मॅक संगणकात ‘फाइंडर’च्या ‘गो’ या यादीतून व लिनक्समध्ये फाइलींच्या खिडकीतूनच हे काम होते.

जोडणी झाल्यावर एक-दोन चमत्कारिक गोष्टी दिसतात, त्यांनी गोंधळून जाऊ नये. झेडपुढे जी मोकळी जागा दाखविली जाते ती पुष्कळदा सर्व्हरची नसून आपल्याच सी ड्राइव्हची असते. तसेच 5 कोटी बाइटांहून मोठी फाइल विंडोज या वाटेने उतरवून घेत नाही. ती मर्यादा सर्व्हरची नव्हे, विंडोजने आपल्यापुरती घातलेली आहे.

मराठी मजकुराच्या बाबतीत निराळी काळजी घ्यावी लागते, आणि याच ठिकाणी सर्वांत अधिक पाने बिघडतात. कृतिदेव किंवा श्रीलिपी यांसारख्या जुन्या टंकांत लिहिलेला मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच. रोमन अक्षरांना चढविलेले ते मराठी सोंग असते. संकेतस्थळावर मजकूर युनिकोडातच असावा, आणि तो साठविताना यूटीएफ-8 ही पद्धत निवडावी. या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्ण व प्रत्येक मात्रा 3 बाइट घेते. मे 2019 मधील विंडोज 10 च्या आवृत्तीपासून नोटपॅड आपण होऊन हीच पद्धत वापरते. त्याआधीच्या संगणकांवर ती ‘अँसी’ पद्धत पुढे करीत असे. तीत साठविल्यास देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात, आणि ती उमटली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत. घरच्या प्रतीवर हे घडले तर सर्व्हरवरील प्रत तरी शाबूत राहते. जोडलेल्या ड्राइव्हवर मात्र घरची प्रत आणि जगाची प्रत एकच असते.

फाइलींची नावे देवनागरीत देण्याचा मोह आवरावा. ‘शाळा’ या शब्दात दोन वर्ण व दोन मात्रा, म्हणजे 12 बाइट आहेत. पत्त्यात जाताना प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या खुणेसह तीन चिन्हांत रूपांतर होते व एवढ्याशा शब्दाची 36 चिन्हे होतात. असा पत्ता पालकांस कोणी कसा सांगावा? नावे रोमन लिपीत, सर्व लहान अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता द्यावीत. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद विंडोज मानीत नाही, परंतु बहुतेक सर्व्हर लिनक्सवर चालतात व ते तो कटाक्षाने मानतात. शाळेच्या संगणकावर दिसणारे छायाचित्र संकेतस्थळावर दिसत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आता धोक्यांविषयी. आपल्या तबकडीवरून पुसलेली फाइल कचरापेटीत जाते व तेथून काढता येते. दूरच्या ड्राइव्हवरून पुसलेली फाइल कचरापेटीत जात नाही. ती जाते ती जातेच. विंडोज त्याआधी एक प्रश्न विचारते खरा, परंतु रोजच्या सवयीने ‘होय’ दाबण्यास वेळ लागत नाही. यासाठी कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी संपूर्ण फोल्डरची एक प्रत तारीख घालून सी ड्राइव्हवर ठेवावी, आणि महिन्यातून एकदा ती प्रत पेनड्राइव्हवर काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. बदलीच्या वेळी कार्यभार सोपविताना दाखल-खारीज रजिस्टराबरोबर या प्रतीचीही नोंद व्हावी. लोणारच्या त्या कल्पित पानाचे दुःख एवढ्याने टळले असते.

दुसरा धोका याहून गंभीर आहे. झेड ड्राइव्ह दिसतो कपाटासारखा, पण असतो गावच्या चावडीवरील फलकासारखा. संकेतस्थळाच्या फोल्डरात जे ठेवले ते दुवा दिलेला असो वा नसो, पत्ता कळलेल्या कोणासही वाचता येऊ शकते. विद्यार्थ्यांची यादी, आधार क्रमांक, पालकांचे भ्रमणध्वनी क्रमांक, शिष्यवृत्तीचे बँक खाते यांची फाइल सोयीसाठी म्हणून क्षणभरही तेथे ठेवू नये. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार 18 वर्षे पूर्ण न झालेली प्रत्येक व्यक्ती बालक आहे, व तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. प्राथमिक शाळेतील एकही मूल या व्याख्येबाहेर पडत नाही.

प्रत्येक संकेतस्थळ असे जोडता येते असेही नव्हे. यू-डायस प्लसची माहिती न्याहाळकातील नमुन्यांतच भरावी लागते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी जी एकसारखी व्यवस्था उभी केली आहे तीतही अधिकारी फाइलींना हात न लावता न्याहाळकातूनच मजकूर बदलतात. शिक्षकांच्या बहुसंख्य ब्लॉगांचेही तसेच. शाळेने किंवा केंद्राने स्वतंत्र जागा भाड्याने घेतली असेल, अथवा नेक्स्टक्लाउडसारखी प्रणाली बसविली असेल, तरच जोडणीचा प्रश्न येतो. अशा ठिकाणीही विंडोज वापरणाऱ्यांसाठी विनएससीपी ही विनामूल्य प्रणाली अधिक भरवशाची वाटते. ती ड्राइव्ह निर्माण करीत नाही. दूरचे फोल्डर आपल्या खिडकीत दाखविते, फाइल उघडून देते आणि ‘सेव्ह’ करताच वर पाठविते. दूरचे ते दूरच दिसते, हाच तिचा गुण होय.

परवलीचा शब्द प्रत्येक शिक्षकास स्वतंत्र असावा. एकच शब्द सर्वांत वाटून घेतला तर कोणी काय बदलले ते सर्व्हरलाही कळत नाही. बदली झालेल्या शिक्षकाचे नाव सर्व्हरवरून त्याच आठवड्यात काढावे. केंद्रशाळेच्या सामायिक संगणकावर काम केले असेल तर उठण्यापूर्वी झेडवर उजवी टिचकी मारून ‘डिस्कनेक्ट’ निवडावे, आणि विंडोजने ‘क्रेडेन्शिअल मॅनेजर’ या तिजोरीत आपला शब्द साठविला असल्यास तोही तेथून पुसावा. ड्राइव्ह दिसेनासा झाला म्हणजे शब्दही गेला असे होत नाही. पुढचा माणूस तोच पत्ता लिहील तेव्हा काही न विचारता दार उघडेल.